जोडीचं सामान

"दुसरी बाटली कोनाची?"

कौशल्याबाईनं विचारलं ते शिलाई मशीनचं चाक न थांबवता, मान खाली घालूनच. ओसरीवर जुनी चादर अंथरून जागेश्वर उद्याच्या फेरीचं सामान मांडत बसला होता. शनिवारची संध्याकाळ आली की हा त्याचा ठरलेला उद्योग. सायकलची जादा ट्यूब, हातात मावेल एवढा हवा भरायचा पंप, टायर उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, पंक्चरचं सामान, पान्यांचा घडीचा जुडगा, तुटली चेन जोडायच्या कड्या, कापूस आणि पट्टी, मीठ-साखरेच्या पुड्या, शिटी, बॅटरी, शेंगदाण्याची चिक्की. सगळं ओळीनं लावायचं, एकेका वस्तूवर हात ठेवायचा आणि मगच पिशवीत भरायचं.

"माजीच," जागेश्वर म्हणाला.

"तुमची त हे निळी हाय."

"हे बी माजीच."

"दोन-दोन बाटल्या लागतेत का आता?"

"ऊन पाय ना कसं तापून राहिलं. जंगलात कोन पानी देते?"

उत्तरात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण ते देता देता त्यानं दुसरी बाटली हळूच चादरीच्या कोपऱ्याखाली सरकवली, आणि ते कौशल्याबाईच्या नजरेतून सुटलं नाही. पाण्याची बाटली लपवायचं कारण काय? तिनं ब्लाऊजची बाही उलटी केली, सुई खाली घेतली आणि पुन्हा काही विचारलं नाही. विचारून माणूस सावध होतो, एवढं तिला कळत होतं.

जागेश्वर वीज खात्यात लाइनमन होता. साकोलीपासून जंगलाच्या कडेकडेनं गेलेल्या सगळ्या तारा त्यानं उभ्या आयुष्यात सांभाळल्या. खांबावर चढण्याआधी कमरेची पिशवी तो अशीच तपासायचा. पक्कड, टेस्टर, हातमोजे, दोर. "एक वस्तू खाली राहिली का मानूस वरतेच राहिला समज," असं नव्या पोरांना सांगायचा. पावसात, वादळात, रात्रीबेरात्री गेला, पण कधी काही विसरून परत आला नाही. घरातही तसाच. किराणा सांगितला तर हिंगाच्या डबीपर्यंत सगळं आणणार. निवृत्त झाल्यावर मात्र या माणसाला दिवस खायला उठला. साखर वाढली, चिडचिड वाढली. मग पुण्याच्या मनिषनं बापासाठी जाड टायरची, गिअरवाली सायकल पाठवून दिली. डोंगर चढायची सायकल. साकोलीत डोंगर कुठला, म्हणून आळीत लोक हसले. पण जागेश्वर एकदा जो तिच्यावर बसला तो उतरला नाही.

गावात दर रविवारी सायकली घेऊन निघणाऱ्यांचा एक गट होता. बँकेतला प्रविण, औषधाच्या दुकानाचा अंकुश, आणखी चार-सहा जण. पिटेझरीकडचा मुरूमरस्ता, उमरझरीकडच्या पायवाटा, तलावांचे बांध म्हणजे पाळी, असं हिंडून उन्हं तापायच्या आत परत यायचे. त्यांच्यात जागेश्वर वयानं सगळ्यांत मोठा, म्हणून काका. कुणाचं पंक्चर झालं, कुणाचा गुडघा फुटला, कुणाला चक्कर आली, की सगळे एकच म्हणायचे, काकांच्या पिशवीत पाहा.

ती पिशवी कौशल्याबाईनं शिवली होती. तंबूच्या जाड कापडाची, तीन कोनांची, सायकलच्या दांड्यांमध्ये बरोबर बसेल अशी. पंपाचा कप्पा पंपाच्या मापाचा, ट्यूबचा ट्यूबच्या. शिंपिणीला गिऱ्हाईकाचं अंग जसं दुरून कळतं तशी ती पिशवी तिला कळायची. त्यामुळेच श्रावण सरता सरता तिच्या लक्षात आलं की पिशवी फुगते आहे. ज्या कप्प्यात एक वस्तू जायची तिथं दोन कोंबल्या होत्या. एका शनिवारी तो अंघोळीला गेला असताना तिनं चेन उघडून पाहिली. दोन पंप. दोन बॅटऱ्या. चिक्कीची पाकिटंही दोन.

एक त्याचं. मग दुसरं?

त्यानंतर तिचं सगळं लक्ष रविवारावर जाऊन बसलं. पूर्वी दहाच्या सुमारास घरी येणारा माणूस आता दुपार करू लागला. विचारलं तर म्हणायचा पंक्चर झालतं. पण पंक्चरच्या चकत्या पाकिटात होत्या तशाच, आणि हाताला काळं वंगण नाही. पिटेझरीच्या रस्त्याची माती लाल. ह्याच्या बुटांना चिखल लागलेला असायचा तो काळा, तलावाचा. बूट तो आता स्वतः धुवायचा, तेही घाईघाईनं, मागच्या मोरीवर. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा चमचा धुतला नाही त्यानं.

दुसऱ्या बाटलीच्या त्या रविवारी तो परतला तेव्हा कौशल्याबाई जेवणाला थांबली होती. तो अंगणात हातपाय धूत असताना तिनं पिशवी उचलली आणि तिला वास आला. आत पळसाच्या पानात बांधलेली वाळलेली मासळी होती, तलावातली, बोटाएवढी. पुडीला सुताची बारीक गाठ मारलेली. गाठ सैलही नाही, घट्टही नाही, ओढली की सुटेल अशी. ही बाईच्या हाताची गाठ आहे हे सांगायला तिला कुणाची गरज नव्हती.

"हे मासोरी कोनं देली?"

जागेश्वरनं पुडीकडे पाहिलं. असं पाहिलं की जणू ती पुडी तो पहिल्यांदाच पाहत होता.

"प्रविणनं," तो म्हणाला.

"प्रविण त मासोरी खात नाई."

"म्हनून त मले देली ना."

कौशल्याबाईनं ती मासळी रांधली नाही. मांजरालाही घातली नाही. फडताळावर तशीच ठेवून दिली आणि येता-जाता तिच्याकडे पाहत राहिली.

शेजारच्या उषाबाईचं माहेर जंगलाकडच्या तलावांच्या बाजूला. ती दोन दिवसांनी काजं करायला ब्लाऊज घेऊन आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "भाऊजी दिसलते बाई मले. खैरटोल्यात."

"जातेत ना ते. सायकलवाले सारेच जातेत तिकडं."

"सारे नोयते. एकटेच होते." उषाबाईनं आवाज बारीक केला. "एका बाईच्या आंगनात खाटेवर बसलते. चा पिऊन राहिलते. मी हाक मारनार होती, मंग म्हनलं कायले."

"वळखीचे असतीन कोनी. लायनीवर होते तवाचे."

"असतीन," उषाबाई म्हणाली, आणि त्या एका शब्दात तिनं जेवढं भरायचं तेवढं भरलं.

कौशल्याबाईनं काजं केली, पण सगळी वाकडी आली. उसवून पुन्हा करावी लागली. मनिषला फोन करावा असं मनात आलं. पण पोराला काय सांगायचं? तुझ्या बापाच्या पिशवीत दोन पंप आहेत म्हणून?

बाजाराच्या दिवशी भाजी घेताना प्रविणच समोर आला. मोटारसायकल बाजूला लावून तो जवळ आला आणि म्हणाला, "काकू, काका बरे आहेत ना? बरेच दिवस झाले, येऊन नाही राहिले."

कौशल्याबाईच्या हातातली वांगी हातातच राहिली. "कवापासून?"

"पोळ्याच्या आधीपासून." प्रविण जरा घुटमळला. "तुम्हाला नाही सांगितलं त्यांनी? उमरझरीकडं गेलो होतो आम्ही. तिथं त्यांचा पान्यांचा जुडगा सापडेना. त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. म्हणे तूच काढला. माझी बॅग उलटी केली रस्त्यावर. मी काही मनावर नाही घेतलं काकू, खरंच. पण ते तिथूनच एकटे निघून गेले, ते गेलेच."

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. गोरा, नीटनेटका, चष्मेवाला पोरगा. खरं बोलतो आहे की साळसूदपणे वरून पांघरूण घालतो आहे? नवऱ्यानं विनाकारण चोर म्हटलं असेल कुणाला? इतक्या वर्षांत त्यानं कुणावर आळ घेतलेला तिला आठवत नव्हता. ह्या पोरानंच घेतला असेल खरंच पाना. की दोघांनी मिळून काही ठरवलं आहे? आता तिला कुणाच्याच बोलण्याचा आधार वाटेना.

शनिवारी पुन्हा चादर अंथरली गेली. पुन्हा सामान. तिनं दुपारपासून मनात घोळवलेला प्रश्न अगदी सहज टाकला.

"उद्या कोन कोन हाय संगं?"

"नेहमीचेच. अंकुश, प्रविण..." तो थांबला. "सारेच."

"प्रविण बी?"

"तो त असतेच."

बस्स. यापुढं तिला काही नको होतं. तोंडावर खोटं बोलला, आणि डोळा वर न करता बोलला. तिनं मशीन झाकून ठेवली आणि भाकरी टाकायला उठली.

सकाळी तो फटफटताच निघाला. तो वळणाआड गेल्यावर कौशल्याबाईनं न्हाऊन लग्नकार्याची हिरवी साडी काढली. कपाळावर कुंकू ठसठशीत लावलं. ती जी कुणी असेल तिला बघताक्षणी कळलं पाहिजे की घरची बाई आली आहे. उषाबाईला सांगितलं, अड्याळला भावाकडे जाते. उषाबाई हो म्हणाली आणि तिच्या साडीकडे पाहत राहिली.

ऑटोनं ती खैरटोल्याच्या फाट्यापर्यंत गेली. तिथून पायी. दोन्ही हातांना धान लोंबीवर आलं होतं, बांध्यांच्या खाचरांत अजून पाणी होतं. चालता चालता ती बोलायची वाक्यं जुळवत होती. पहिलं त्या बाईला. मग त्याला. मग आळीला काय सांगायचं ते. शेवटचंच सगळ्यांत अवघड होतं.

उषाबाईनं सांगितलेलं घर तलावाच्या पाळीला लागून होतं. कुंपणावर जाळी वाळत टाकलेली. अंगणात एक बाई जाळ्याचा फाटका भाग मांडीवर घेऊन ओवत बसली होती. कौशल्याबाईनं मनात एक चेहरा तयार करून आणला होता, तो इथं कुठं बसेना. ही बाई तिच्याच वयाची, हाडापेरानं मोठी, केस पिकलेले, हाताची बोटं पाण्यानं चिरलेली.

बाईनं हिरव्या साडीकडे पाहिलं आणि तिचेही डोळे बारीक झाले. "कोन पायजे?"

"पानी भेटंल का बाई? दुरून आली."

बाईनं तांब्या आणून दिला, पण बस म्हटलं नाही. कौशल्याबाई आपणच खाटेच्या कडेला टेकली. अंगणात कुणा पुरुषाचे कपडे दिसतात का ते तिनं पाहून घेतलं.

"इथं एक सायकलवाला मानूस येते म्हनतेत," ती म्हणाली. "जाड चाकाची सायकल."

जाळ्यातली सुई थांबली. "तुमी कोन त्याच्या?"

"मी घरवाली."

बाईनं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मंग येवढे दिवस कोठं होत्या तुमी?"

हा प्रश्न कौशल्याबाई विचारणार होती, वेगळ्या शब्दांत, वेगळ्या आवाजात. तो तिच्याच अंगावर आला आणि जुळवून आणलेली वाक्यं एकदम विस्कटली.

बाईचं नाव रेवताबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा दीर भैयालाल तलावात मासे धरायचा, ही ते विकायची. तिनं सांगितलं ते सरळ सांगितलं.

"पावसाचं पानी उघडलं तवा आला पहिल्यांदा. गावाले दोन फेऱ्या मारल्या, तीन मारल्या. सायकलले हे येवढी पिशवी. मानसायले शक आला. बाजूच्या तलावात कोनं तरी औषद टाकून मासोऱ्या मारलत्या, आमी सारे डोरे लावूनच बसलो होतो. भैयालालनं अडवला. पिशवी उलटी केली. सारंच दोन-दोन. आमाले वाटलं चोरीचाच माल हाय."

"मंग?"

"मंग विचारलं नाव काय. त नाव सांगतलं. गाव कोनतं, त चूप. डोक्याले हात लावून उभा. घामानं पूरा भिजला बाई. बायकोचं नाव विचारलं तवाही असाच." रेवताबाईनं जाळ्याची गाठ उगाच चाचपली. "चोर असा नाई घाबरत. मी म्हनलं याले बसवा अगोदर. चा देला. बसला, बसला, अना मंग एकदम म्हने साकोली. अना उठून उभा राहिला, जसं काही झालंच नाई. भैयालालनं डांबरी रस्त्यापरेंत नेऊन सोडलं."

"दुसऱ्या रविवारी?"

"पुन्हा आला. रस्ता चुकूनच येत असन. का इथं कोनी काही विचारत नाई म्हनून येत असन, मले काय मालूम. मी घरी सांगा म्हनलं. त म्हने घरी नका सांगू."

कौशल्याबाई खाटेवर बसून राहिली. हातातला तांब्या तिनं खाली ठेवला नव्हता. गणपतीत तो विजेच्या मीटरसमोर कितीतरी वेळ उभा होता आणि फ्यूज कुठला ते सांगेना. तिला वाटलं होतं मूड नाही. दोनदा त्यानं तिला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. तिला वाटलं थट्टा करतो. भरलेल्या पाण्याच्या ड्रममध्ये पुन्हा पाइप सोडून अंगणभर पाणी केलं. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरच घडलं होतं. पण ती दुसरंच शोधत बसली होती, म्हणून तिला ते दिसलं नव्हतं. पिशवीत एकदा भरलेलं त्याला आठवत नसेल, म्हणून तो पुन्हा भरत असेल. मग पुन्हा.

तेवढ्यात पाळीवरून ब्रेकचा आवाज आला. जागेश्वर सायकल हातात धरून कुंपणापाशी उभा होता. त्यानं तिला पाहिलं. ओळखलं. आणि त्याचा चेहरा कडक झाला.

"तू इथं कायले आली?"

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"कोनं पाठवली? प्रविणनं?"

"कोनी नाई पाठवली. मीच आली."

"माज्या मांगं मांगं फिरून राहिली का तू?"

ते खरंच होतं. कौशल्याबाईनं होकाराची मान हलवली. रेवताबाई चूल पाहायच्या निमित्तानं आत गेली. जागेश्वरनं सायकल कुंपणाला टेकवली, पण पिशवीवरचा हात काढला नाही. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आत गेलेल्या बाईकडे पाहिलं, आणि मग तो खाटेवर तिच्या शेजारी येऊन बसला. बोलला तेव्हा आवाज अगदी खाली होता.

"कौशल्या, तुले म्हनून सांगतो. कोनापाशी बोलू नको."

"नाई बोलत."

"कोनी तरी रस्ते बदलवून राहिलं."

त्यानं मागं वळून पाळीकडे पाहून घेतलं.

"ते चिचेचं झाड डाव्या हाताले होतं. आता उजव्या हाताले हाय. मी तीस वर्सं ह्याच लायनीवर फिरलो, मले नाई समजत का? खांब तेच हायेत, पन रस्ता तो नाई. अना सामान बी काढून घेतेत. तुले खोटं वाटंल. मी भरलेलं सामान सकारी नसते. म्हनून जास्तीचं ठेवतो. एक कोनी काढलं त दुसरं पायजे ना जवळ."

बोलताना त्याच्या गालाखालची शीर उडत होती. खांबावर तारेला चिकटलेला साथीदार ज्यानं न घाबरता लाकडी दांड्यानं सोडवला होता तो हा माणूस. त्याचा हात धरावा असं कौशल्याबाईच्या मनात आलं, पण परक्या अंगणात तिला ते जमलं नाही. असं काही नाही, तुम्हीच विसरता, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिनं गिळलं.

"असंल," ती म्हणाली. "लोकं बदमाश झालेत आता."

त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत कुणी त्याचं ऐकलं नसावं.

"तुले बी वाटते ना?"

"वाटते. मंग आपन दोघंही ध्यान ठेवू. एकट्यानं नाई होत."

जागेश्वरच्या खांद्यांवरचा ताण एकदम उतरला. रेवताबाईनं चहा आणला. तो त्यानं फुंकर घालून, चवीनं प्यायला. निघताना कौशल्याबाईला त्या बाईशी काही बोलायचं होतं. पण जे मनात धरून ती आली होती ते सांगता येण्यासारखं नव्हतं. "येतो बाई," एवढंच ती म्हणाली. रेवताबाईनं मान डोलावली. तिला बहुधा सगळं कळलं होतं, साडीपासूनच.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. मनिष आला. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं नागपूरला पाठवलं, तिथं डोक्याचे फोटो काढले. आजाराला नाव मिळालं. औषधानं आजाराची चाल मंदावेल, मागं फिरणार नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं. मनिषनं जाण्याआधी सायकलला साखळी घातली आणि किल्ली आईच्या हातात दिली.

"आई, आता ह्यांना बाहेर जाऊ द्यायचं नाही. जंगलात कुठं पडले तर सापडणार पण नाहीत."

पोराचं चुकत नव्हतं. पण त्यानंतरचे दिवस कौशल्याबाईला काढणं कठीण गेलं. जागेश्वर साखळीशी झटायचा. कुलूप कुणी लावलं म्हणून विचारायचा, सांगितलं की तासाभरानं पुन्हा विचारायचा. उषाबाईवर संशय, दूधवाल्यावर संशय. मग तिच्यावर. ती भांडी घासत असली तरी तो दारात उभा राहून तिच्या हातांकडे पाहायचा. कुणी सतत आपल्याकडे संशयानं पाहिलं की कसं वाटतं ते तिला आता कळलं. एक दिवस तर त्यानं जेवणाचं ताट सरकवून दिलं, आधी तू खा म्हणाला. तिनं त्याच्या ताटातला घास खाल्ला, मग तो जेवला.

त्याच आठवड्यात तांदळाची कोठी साफ करताना तळाशी तिचा हात लोखंडाला लागला. पान्यांचा जुडगा होता. त्यानंच कधीतरी सुरक्षित म्हणून पुरून ठेवलेला. तो पदराखाली घेऊन ती बँकेत गेली आणि सुटी व्हायची वाट पाहत बाहेरच्या बाकावर बसली.

प्रविण आला तेव्हा तिनं आधी सगळं सांगितलं. मग पाना त्याच्या हातात दिला.

"बापा, एक मागायचं हाय. तुज्या मनाले लागंल म्हना. पन तू हा आपल्या हातानं त्याईले नेऊन दे. अना म्हन, मीच नेलता."

प्रविण पान्याकडे पाहत राहिला. ज्या गोष्टीचा आळ त्यानं चार लोकांत सोसला होता, ती त्यानं केली नव्हती, आणि आता केली म्हणून सांगायचं होतं. त्यानं चष्मा काढून पुसला.

"गटातल्या सगळ्यांसमोर झालं होतं ते, काकू."

"हो बापा. म्हनूनच त जोर नाई करत."

तो लगेच हो म्हणाला नाही. पण रविवारी सकाळी अंगणात सायकली उभ्या राहिल्या, अंकुश, प्रविण, सगळेच. प्रविण पुढं आला आणि पाना पुढं धरून सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, तुमचा पाना. मीच नेला होता. चुकलं माझं."

जागेश्वरनं पाना उलटासुलटा करून पाहिला. मग प्रविणकडे पाहिलं, अगदी सावकाश, वरपासून खालपर्यंत.

"मले माईतच होतं," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "होते असं. तू लहान हायेस अजून. पुढं नको करू."

"नाही करत, काका."

कौशल्याबाईनं आत जाऊन किल्ली आणली.

तेव्हापासून तो पुन्हा जाऊ लागला. पुढं अंकुश, मागं प्रविण, मधे जागेश्वर. लांब नाही, जंगलात नाही. साकोलीबाहेर मुरूमरस्त्यानं चुलबंद नदीपर्यंत आणि परत. मनिष फोनवर चिडला, मग गप्प झाला. पिशवी शनिवारी दोघं मिळून भरायची. ती एकेक वस्तू हातात द्यायची, तो नाव सांगायचा. कधी नाव यायचं नाही, तेव्हा ती सांगायची. ती झोपल्यावर तो उठून आणखी काहीबाही कोंबायचा. तिनं कप्पे उसवून मोठे करून दिले होते.

धान कापून झालं, थंडी पडली. रविवारी सकाळी भाजीचं निमित्त करून कौशल्याबाई उड्डाणपुलाखाली जाऊन उभी राहायची. परतणाऱ्या सायकली तिथं मोठा रस्ता ओलांडायच्या. ती दिसेल अशी उभी राहायची नाही. बसची वाट पाहणाऱ्या बायांमध्ये मिसळून, जरा मागं.

त्या दिवशी गट आला तेव्हा एक ट्रक वळत होता, म्हणून सगळे थांबले. जागेश्वर नेमका तिच्यासमोर. एक पाय जमिनीवर टेकवून, गळ्याला मफलर, चेहरा थंडीनं आणि श्रमानं लाल झालेला. किती दिवसांत तो इतका बरा दिसला नव्हता. त्याची नजर बायांवरून फिरत फिरत तिच्यावर आली आणि थांबली. तिच्या ओठांवर हसू आलं.

त्याच्या डोळ्यांत मात्र काही हललं नाही. समोर एक वयस्क बाई आपल्याकडे पाहून हसते आहे, म्हणजे कुठंतरी ओळख असणार, एवढंच त्याला वाटलं असावं. त्यानं हँडलवरचे दोन्ही हात उचलले आणि मोठ्या अदबीनं तिला नमस्कार केला.

कौशल्याबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला. भाजीची थैली कोपरात अडकवली, आणि परक्या भल्या माणसाला करावा तसा, मान थोडी लववून, तिनंही हात जोडले.

ट्रक गेला. प्रविण मागून म्हणाला, "चला काका," आणि सायकली पलीकडे निघाल्या.